जेवणावळीत खून पाडायचा आहे: विनोदी रहस्यनाट्य लिहिण्यासाठी मदत हवी

चिंचगूळ

मंडळी, आमच्या मंडळाला (अमेरिकेत, मिडवेस्टातलं मध्यम आकाराचं गाव) मराठी शाळेसाठी निधी जमवायचा आहे. दरवर्षी आम्ही एकांकिका करतो. लोक येतात, मागच्या रांगेत बसून वडे खातात आणि मध्यंतरानंतर अर्धे पार्किंगमध्ये गप्पा ठोकत उभे असतात. यंदा कार्यकारिणीने ठरवलं, जेवण आणि नाटक वेगळं ठेवायचंच नाही. इथले लोक करतात तसं मर्डर मिस्टरी डिनर करायचं. पाहुणे टेबलावर जेवतायत, त्यांच्यातूनच संशयित फिरतायत, आणि जेवण आटपेपर्यंत खुनी शोधायचा. लिहिण्याचं काम अर्थातच माझ्या गळ्यात.

कच्ची कल्पना अशी: लग्नाच्या आदल्या दिवशीची हळद आणि त्यानंतरचं जेवण. प्रेक्षक हेच पाहुणे. अर्धी टेबलं वरपक्ष, अर्धी वधूपक्ष. मरणार जुळवेकाका. हे लग्न (आणि गावातली निम्मी लग्नं) त्यांनी जुळवलेली, त्यामुळे सगळ्यांची अंडीपिल्ली त्यांना ठाऊक. संशयित: नवरीचा मामा, फोटोग्राफर, भटजी, नवरदेवाची आत्या आणि आचारी. जेवायला १२० माणसं, अडीच तास. नटांपैकी दोघेच कसलेले, बाकी उत्साही.

पहिला प्रवेश लिहून झाला, वाचून नवरा हसला (तो सहसा हसत नाही). पण पुढे गाडी अडली. प्रेक्षक प्रश्न विचारायला लागले की संहिता कुठवर लिहायची? आणि खुनी आधीच ठरवायचा की प्रेक्षकांच्या मतदानावर सोडायचा?

टवाळ_टिंग्या

जुळवेकाकांचा खून? मग संशयित पाचच कसे? हॉलमधले सगळे विवाहित पुरुष धरा की. (हलके घ्या.)

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

पडद्याआड

बॉस्टनच्या आसपास राहतो. पोटापाण्यासाठी संगणक बडवतो, पण काही वर्षं एका लहानशा डिनर थिएटरच्या विंगेत हौसेने राबलो आहे. प्रतिसाद लांबणार, आधीच सांगतो.

जेवण आणि नाटक एकत्र आणण्याची इथली सुरुवात साधारणपणे व्हर्जिनियातल्या हॅनोव्हर टॅव्हर्नपासून धरतात. बार्क्सडेल थिएटरच्या मंडळींनी १९५३ साली तिथे बस्तान बसवलं. पण त्या पद्धतीत आधी जेवायचं, मग हात पुसून गुमान नाटक बघायचं. प्रेक्षकांनीच तोंड उघडायचं, हा प्रकार गाजवला 'शिअर मॅडनेस'ने. मूळ नाटक जर्मन, पॉल पोर्टनरचं, १९६३ सालचं. बॉस्टनच्या चार्ल्स प्लेहाउसमध्ये १९८० साली लागलं ते चाळीस वर्षं हललं नाही. वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये १९८७ मध्ये गेलं आणि तिथेही मुक्काम ठोकला. केस कापायचं दुकान, वरच्या मजल्यावर पियानो वाजवणाऱ्या बाईचा खून, आणि प्रेक्षक साक्षीदार. दुकानातला माणूस म्हणतो, 'मी जागचा हललो नाही', आणि दोनशे लोक ओरडतात, 'खोटं! मागच्या दाराने गेला होतास!' त्या आरडाओरड्यातच सगळी गंमत आहे. शेवटी मतदान. जेवण नाही त्यात, पण तुम्हाला हवी ती यंत्रणा तिथे सापडेल.

लग्नाच्या कल्पनेला जवळचं म्हणजे 'टोनी अँड टीनाज वेडिंग'. न्यूयॉर्कात १९८८ पासून बरीच वर्षं चाललं. प्रेक्षक लग्नाचे पाहुणे. लग्न लागतं, मग सगळे जेवायला. खून नाही, पण दोन्हीकडच्या नातेवाइकांची भांडणं इतकी की खुनाची उणीव भासत नाही.

आता तुमचा प्रश्न. संहिता दोन तऱ्हेची लिहायची. ठरलेले प्रवेश शब्दन् शब्द लिहा. असे चार-पाच, प्रत्येकी दहा-बारा मिनिटांचे. आणि मधल्या फिरतीसाठी प्रत्येक पात्राचं एकेक पान. त्या पानावर संवाद लिहायचे नाहीत. लिहायचं ते एवढंच: खुनाच्या वेळी मी कुठे होतो, कुणाबद्दल मला काय माहीत आहे, काय विचारलं तर लगेच सांगायचं, काय विचारलं तर आढेवेढे घेऊन सांगायचं, आणि काय कुणी गळा धरला तरी सांगायचं नाही. नवख्या नटाला पाठांतरापेक्षा हे पान जास्त उपयोगी पडतं, कारण प्रेक्षक नेमका तोच प्रश्न विचारतो जो तुम्ही लिहिलेला नसतो.

आणि एक नियम भिंतीवर लिहून ठेवा: खोटं फक्त खुन्याने बोलायचं. बाकीच्यांनी लपवायचं, विषय बदलायचा, लाजायचं, रडायचं, पण खोटं बोलायचं नाही. नाहीतर पाचही जण सुचेल ते ठोकून देतात आणि आठव्या टेबलावरच्या काकू सगळ्यांची उत्तरं रुमालावर टिपून शेवटी तुमची लक्तरं काढतात. प्रत्येक हॉलमध्ये अशा एक काकू असतातच.

मतदानाबद्दल माझं मत: सोडा मतदानावर. लोकांना आपण खुनी ठरवला याचा आनंद फार होतो.

चौकसनाथ

शेवटचं वाक्य सोडून पडद्याआड यांच्याशी सहमत.

मतदानाने खुनी ठरणार असेल तर मी आत्यांचं बोलणं कान देऊन कशासाठी ऐकायचं? ज्या टेबलावर जास्त नातेवाईक तो पक्ष जिंकणार. ही तर मंडळाची निवडणूक झाली. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथांसाठी दहा दंडक सांगितले. त्यातले काही आज हास्यास्पद वाटतात, पण एक अजून ठणठणीत आहे: गुप्तहेराला सापडलेला धागादोरा वाचकालाही तिथल्या तिथे दिसला पाहिजे. म्हणजे उत्तर आधीपासून असलंच पाहिजे. विनोदी आहे म्हणून कोडं भोंगळ चालेल, हे मला पटत नाही. उलट कोडं चोख असेल तरच वरचा धिंगाणा पचतो.

पडद्याआड

@चौकसनाथ, मतदानालाही कुळ आहे हो. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स १८७० साली वारले तेव्हा त्यांची शेवटची कादंबरी अर्धवट राहिली, खुनी कोण ते त्यांनी लिहिलंच नाही. रूपर्ट होम्सने १९८५ साली तिचं संगीत नाटक केलं, 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड', त्यात प्रेक्षक मत देतात आणि त्याप्रमाणे शेवट होतो. पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचा 'टोनी' पुरस्कार मिळाला. त्याच्याही आधी, १९३५ साली, ब्रॉडवेवर आयन रँडच्या 'नाइट ऑफ जानेवारी सिक्स्टीन्थ'मध्ये प्रेक्षकांतून बारा जणांची ज्युरी बसवायचे आणि निकालाप्रमाणे दोनपैकी एक शेवट करायचे.

चौकसनाथ

दोन्ही उदाहरणं माझ्याच बाजूची. पहिल्यात लेखक उत्तर न देताच गेला, म्हणून लोकांना विचारणं रास्त. दुसऱ्यात प्रश्न 'दोषी की निर्दोष' एवढाच आहे, आणि तसा प्रश्न ज्युरीला विचारतातच. चिंचगूळ यांच्या नाटकात काका कुणाच्या तरी हातून मेले आहेत. कुणाच्या, ते बहुमताने कसं ठरेल?

धयकाल्यातलो

संहिता कुठवर लिवची, ह्यो प्रश्न आमका कधी पडूकच नाय!

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. आमच्याकडे सिंधुदुर्गात जत्रेला दशावतारी नाटक होतं. लिहिलेले संवाद नसतात. कथानक काय, कुणामागून कुणाचा प्रवेश, हे खेळाआधी ठरतं आणि पुढे रात्रभर प्रत्येक जण आपापलं बोलणं उभ्या उभ्या रचतो. राक्षसाचं काम करणारा पुढ्यातल्या पोराला दरडावतो, पोरगं उत्तर देतं, तो त्या उत्तरावरून आणखी चार वाक्यं काढतो. तरी नाटक भरकटत नाही. का? प्रवेश कसा करायचा ते मोकळं असलं तरी तो कुठे नेऊन संपवायचा ते पक्कं असतं. आणि हार्मोनियम-पखवाजवाले सगळं ओळखून असतात. नट लांबण लावतोय असं दिसलं की वाद्यं उठतात, मग त्यालाही उठावं लागतं.

तुमच्या हौशी नटांना हेच लागेल. फिरती संपल्याची एक खूण ठेवा जी सगळ्या हॉलला ऐकू येईल. लग्नघर आहे तर सनईचा एक तुकडा वाजवा. सनई वाजली की ज्या टेबलावर असाल तिथलं बोलणं अर्ध्यावर सोडून मधोमध यायचं. अर्ध्यावर सोडल्याने बिघडत नाही, उलट त्या टेबलाला वाटतं आपण काहीतरी महत्त्वाचं काढत होतो.

आणि जास्त शहाणपणा करणारा प्रेक्षक भेटला तर त्याला गप्प करायला जाऊ नका. त्याला नात्यात घ्या. 'भावजी, तुम्ही परवा काकांकडे कशाला गेला होता ते सांगू का सगळ्यांसमोर?' बायको शेजारी असली की पुरे.

टवाळ_टिंग्या

शेवटच्या परिच्छेदाला दंडवत.

ओगराळं_आणि_झारा

डोंबिवलीत लग्नकार्याची जेवणं करते. नाटकातलं मला फार कळत नाही, पण पानावर बसलेल्या माणसाचं कळतं.

१. बुफे ठेवणार असाल तर १२० माणसांना वाढून घेऊन बसेपर्यंत अर्धा तास सहज. दोन्हीकडून रांग लावली तरी. त्या अर्ध्या तासात प्रवेश ठेवलात तर निम्मे लोक पाठमोरे. त्यापेक्षा संशयित रांगेतच घुसवा. रांगेत लोक कुणाशीही बोलतात.

२. जमलं तर पंगत करा आणि वाढपी हेच नट करा. वाढप्याला कुणीही, कधीही, कितीही वेळा पानाशी येऊ देतं. 'घ्या हो एक जिलबी, काकांच्या वाटणीची उरलीच आहे.' आग्रह करता करता वाट्टेल ती बातमी पेरता येते.

३. पापड वाढला की दोन मिनिटं कुणीही महत्त्वाचं बोलायचं नाही. १२० पापड एकदम मोडले की माइकवरच्या माणसालाही ऐकू येत नाही.

४. विष घालू नका. ज्या बासुंदीने काका गेले ती बासुंदी कुणी तोंडात घेणार नाही. गंमत म्हणून हसतील आणि वाटी हळूच सरकवतील. खून जेवणाबाहेरच्या वस्तूने करा.

५. शेंगदाणे, काजू, गहू कशात आहेत ते प्रत्येक टेबलावर स्वच्छ लिहून ठेवा. त्या चिठ्ठीवर विनोद नको.

चिंचगूळ

वा! हा धागा काढल्याचं सार्थक झालं. पंगत पक्की. हॉलवाले टेबल-खुर्ची देतात, केळीचं पान कागदी मिळेल.

विष रद्द. हत्यार मुसळ. हळदीआधी घाणा भरतात तेव्हा आंब्याची पानं बांधलेलं मुसळ असतंच, ते हळकुंडं कुटून तिथेच पडलेलं. काका कोठीघरात सापडतात, डोक्याला टेंगूळ, शेजारी मुसळ. आमच्या वाढदिवस-पुठ्ठा विभागाने फोमचं मुसळ करायचं कबूल केलंय.

आता धागेदोरे. मला एक तरी असा पुरावा हवाय जो सगळ्या टेबलांना दिसेल. आमच्याकडे बऱ्याच घरांत सून किंवा जावई अमराठी आहे. केवळ बोलण्यातून निघणारा पुरावा असेल तर त्यांची संध्याकाळ नवऱ्याला किंवा बायकोला 'काय म्हणाला?' विचारण्यात जाईल. खुन्याच्या अंगाला हळद लागली असा विचार केला होता, पण हळदीच्या घरात हळद कुणाला लागलेली नसते?

सातवी_ब

शाळेत विज्ञान शिकवते. राहवलं नाही म्हणून खास लॉगिन केलं.

हळद लागलेला माणूस शोधू नका. हळद धुतलेला माणूस शोधा.

सातवीत आम्ही मुलांकडून करून घेतो: टीपकागदाला हळदीचं पाणी लावून वाळवायचं, त्यावर साबणाचं पाणी टाकायचं. पिवळा कागद तांबडालाल. हळद अल्कलीत लाल होते. घरी तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, आमटीचा डाग साबण लावल्याबरोबर लाल होतो आणि भरपूर पाण्याने खळबळला की परत पिवळा. म्हणजे तुमच्या खुन्याने बाही घाईघाईत साबणाने चोळली, तेवढ्यात कुणीतरी बाथरूमचं दार ठोठावलं, आणि खळबळायला वेळच मिळाला नाही. बाहीवर लाल डाग राहिला. बघणाऱ्याला वाटेल रक्त.

आता मजा पुढे आहे. त्या लाल डागावर लिंबू पिळलं तर तो पुन्हा पिवळा होतो. रक्त होत नाही, टोमॅटो होत नाही, बीटही होत नाही. आणि लिंबाची फोड मराठी पानात डाव्या बाजूला वर, मिठाशेजारी, आधीपासून वाढलेलीच असते!

चौकसनाथ

उभा राहून टाळ्या वाजवतोय. पुरावा सगळ्यांच्या पानात वाढून ठेवलेला, आणि कुणाचंही लक्ष नाही. नॉक्स महाशय खूश झाले असते.

दोन शंका. एक: हळदीच्या घरात बाहीला हळद लागणं हा गुन्हा नाही, मग धुतली तरी काय बिघडलं? दोन: संशयितांपैकी कुणी 'हे कुंकू आहे' म्हणालं तर? घरगुती कुंकू हळदीपासूनच करतात.

सातवी_ब

कुंकू नाटकातच आणू नका, सगळा घोळ होईल. पहिल्या शंकेचं उत्तर लेखिकेने द्यावं.

चिंचगूळ

उत्तर सापडलं बहुतेक. मामा!

मामा हळदीला नव्हताच. त्याचं विमान उशिरा आलं, तो थेट जेवणाला पोचला, निदान तो तसं सांगतो. आल्या आल्या बाहीवरचा डाग दाखवून कुरकुरतो: 'शेजारच्या प्रवाशाने टोमॅटो ज्यूस सांडला, नवा सदरा गेला.' लोक हसतात आणि विसरतात. शेवटी लिंबू पिळलं की डाग पिवळा. म्हणजे हळद. म्हणजे मामा हळदीच्या वेळी घरात होता. म्हणजे विमान वेळेवर आलं होतं.

हेतू: काकांनी तीस वर्षांपूर्वी मामाच्या पत्रिकेत चुकून मंगळ लिहिला. दुसऱ्याच कुणाची पत्रिका होती ती. मामा अजून बिनलग्नाचा.

टवाळ_टिंग्या

अर्रर्र. मामाबद्दल आता सहानुभूतीच वाटायला लागली. मी ज्युरीत असतो तर सोडून दिलं असतं.

पण ताई, एक विचारू? तुमच्या मंडळातले लोक हे संस्थळ वाचत नाहीत का? आत्तापर्यंत निम्म्या मिडवेस्टला खुनी कळला असेल.

चौकसनाथ

ते आहेच. शिवाय आणखी एक खोट दिसते. डागाने मामा खोटं बोलला एवढंच कळतं. खून त्यानेच केला हे सिद्ध होत नाही.

पडद्याआड

@चौकसनाथ, विनोदी नाटक आहे, सत्र न्यायालय नाही. खोटं पकडलं गेल्यावर माणूस स्वतःच घडाघडा बोलतो, ही सवलत या प्रकाराला प्रेक्षक नेहमी देतात. अट एकच, कबुली पुराव्यापेक्षा गमतीदार हवी.

टिंग्याच्या प्रश्नावर मात्र तोडगा निघतोय, आणि त्यात आपलं वरचं भांडणही मिटतंय. हळदीला नसल्याचा दावा एकट्या मामाला देऊ नका, तिघांना द्या. मामा विमानात. फोटोग्राफर म्हणतो, मी गाडीत बॅटऱ्या चार्ज करत होतो. भटजी म्हणतात, मी दुसऱ्या गावच्या वास्तुशांतीला गेलो होतो. तिघांच्याही बाहीवर लाल डाग: एकाचा टोमॅटो, एकाचं पान, एकाची बीटाची कोशिंबीर. निदान ते तसं सांगतात. तीन पांढरे सदरे. त्यातल्या एकावर हळद-साबणाचा डाग, बाकी दोघांवर साधा बीटाचा रस. त्या दिवशी कोणता सदरा कुणाच्या अंगावर जाणार ते कपडेपट सांभाळणारी बाई प्रयोगाआधी चिठ्ठी काढून ठरवते. सदरा घालणाऱ्याला चिठ्ठीतून कळतं. त्या दिवशी खोटं बोलायची परवानगी त्याला.

म्हणजे उत्तर आधीपासून आहे, पुरावा खरा आहे, आणि ही चर्चा तोंडपाठ असलेल्यालाही खुनी कोण ते माहीत नाही. लेखिकेचं काम वाढतं ते एवढंच की कबुल्या तीन लिहायच्या, आणि 'मी त्याला कोठीघराशी पाहिलं' हे वाक्य आत्या त्या दिवशीच्या खुन्याबद्दल म्हणेल अशी जागा ठेवायची. दुसरा प्रयोग लावलात तरी तीच माणसं पुन्हा तिकीट काढतील.

मतदान ठेवा, पण अंदाजाचं. जिलबीच्या वेळी चिठ्ठ्या वाटायच्या: खुनी कोण, का, आणि कशावरून. बरोबर ओळखणाऱ्या टेबलाला बक्षीस, आणि सगळ्यात अचाट उत्तराला त्याहून मोठं बक्षीस. ही उत्तरं मोठ्याने वाचून दाखवा. हमखास हशा तिथे असतो आणि तो तुम्हाला लिहावा लागत नाही.

चौकसनाथ

मान्य. बिनशर्त.

चिंचगूळ

डोकं गरगरतंय, पण आनंदाने. काल रात्री मामाचं पान लिहून काढलं. बघा जमलंय का:

मामा. वय पन्नाशी. बोलताना समोरच्याच्या ताटातलं उचलून खातो.
कुठे होतो: विमानात. (चिठ्ठी निघाली असेल तर: कोठीघरात.)
काय माहीत आहे: फोटोग्राफरला काकांनी चार स्थळं दाखवली, चारही ठिकाणी तो मुलींच्या आयांनाच जास्त आवडला. भटजींनी हाच मुहूर्त तीन घरांना दिला आहे.
लगेच सांगायचं: भाचीच्या लग्नात आपण किती तोळे घातले.
आढेवेढे घेऊन: काकांशी तीस वर्षं बोलणं का बंद आहे. पत्रिका खिशात आहे. तिसऱ्यांदा विचारलं की काढून दाखवायची.
गळा धरला तरी नाही: विमान किती वाजता उतरलं. विचारलं तर विमानातल्या जेवणावर बोलायचं.
बाही: प्रत्येक टेबलावर एकदा तरी हात लांब करून मीठ मागायचं. डाग दिसला पाहिजे, दाखवला असं वाटता कामा नये.

धयकाल्यातलो

'समोरच्याच्या ताटातलं उचलून खातो' ह्यातच सगळा इला. एवढी एक लकब दिली की नवखा नटही उभा राहतो. बाकीच्यांना पण अशी एकेक द्या.

पडद्याआड

फार छान. मीठ मागायची युक्ती मी चोरणार.

एक गंभीर गोष्ट, मग गप्प बसतो. अशा प्रयोगात कुणी खरंच कोसळलं तर लोक टाळ्या वाजवतात. त्यामुळे नट, वाढपी, हॉलवाले सगळ्यांना एक शब्द ठरवून द्या, जो नाटकात कुठेही येत नाही. तो कानावर पडला की दिवे पूर्ण लावायचे, सनई बंद, आणि एकाने आपल्या खऱ्या नावाने माइकवर बोलायचं. बंदुकीचा आवाज, किंकाळी, काळोख यातलं काहीही इथे वापरू नका. मुसळ उत्तम आहे.

आणि तिकिटावर 'रहस्यनाट्य, प्रेक्षकांशी संवाद' असं लिहा. ज्यांना कुणी बोलायला आलेलं नको असतं त्यांच्यासाठी कडेची दोन टेबलं राखून ठेवा. अशी माणसं असतात आणि त्यांनीही तिकीट काढलेलं असतं.

टवाळ_टिंग्या

कबुली पुराव्यापेक्षा गमतीदार हवी म्हणालात ना? लग्नघर आहे, मंगलाष्टकाच्या चालीवर घ्या. मामासाठी माझ्याकडून आहेर:

काकांनी लिहिलाच मंगळ मला, झालोच नाही वर ।
डोकीचे पिकलेत केस सगळे, कोणी न पाही घर ।
हाती घे मुसळास राग धरुनी, हाणी तयांच्यावर ।
ऐसा हा घडला प्रकार समजा, कुर्यात् सदा मंगलम् ॥

शार्दूलविक्रीडित आहे, मोजून घ्या. 'सावधान' म्हटल्यावर लोकांनी अक्षता टाकायच्या आणि पोलिसांनी बेड्या.

चौकसनाथ

मोजलं. बसतंय. टिंग्या, तुम्ही आजवर हे लपवून का ठेवलं होतं?

चिंचगूळ

हसून हसून मुरकुंडी वळली. घेतलंच! फोटोग्राफर आणि भटजींचीही लिहून द्या ना, प्लीज. श्रेयनामावलीत नाव टाकते.

टवाळ_टिंग्या

'टवाळ_टिंग्या' असंच टाका. मी वृत्तबद्ध कविता लिहितो हे घरच्यांना ठाऊक नाही.

सातवी_ब

सदऱ्यांबद्दल. कापड पांढरं सुती घ्या. डाग हळदीच्या घट्ट पाण्याने पाडा, वाळू द्या, मग धुण्याच्या सोड्याचं पाणी बोळ्याने लावा. लिक्विड हँडवॉशच्या भरवशावर राहू नका, बरेचसे सौम्य असतात आणि डाग लाल होत नाही. नाटकात बाथरूममध्ये साबणाची वडी आहे असा उल्लेख आधी येऊ द्या. सगळं आठवडाभर आधी करून बघा, तुमच्याकडच्या पाण्याने काय होतं ते कळेल. आणि लिंबू पिळताना सदरा अंगावर नको, बाहीचा वेगळा कफ शिवा आणि तो काढून ताटात ठेवून पिळा. कॅमेरा लावून भिंतीवर दाखवता आलं तर मागच्या टेबलांनाही रंग बदलताना दिसेल.

प्रत्येक टेबलावर हळद-सोड्याचा डाग पाडलेली एकेक कागदी पट्टीही ठेवा. मुलं स्वतः पिळून बघतील. माझं तेवढंच मागणं.

ओगराळं_आणि_झारा

लिंबाचा हिशोब मीच सांगते, कारण इथेच तुमचं नाटक फसेल. एका लिंबाच्या चार फोडी धरल्या तर १२० पानांना ३० लिंबं. पण ती फोड तपासापर्यंत कुणाच्या पानात राहणार नाही. वरण-भातावर पहिल्या मिनिटाला पिळून चोथा बाजूला. तेव्हा पुराव्याची लिंबं वेगळी आणा, प्रत्येक टेबलाला दोन, आणि ती मसालेभातानंतर दुसऱ्या वाढपाला द्या. वाढप्याने 'लिंबू घ्या, लिंबू घ्या' करत एवढा आग्रह करायचा की लोकांनी वैतागून विचारावं, आत्ता कशाला? उत्तर द्यायचं नाही, पुढच्या पानाकडे जायचं.